काकू, त्या श्रीखंडाच्या डब्याबद्दल

वेम्बली, लंडन

तीर्थस्वरूप काकूंस,
शिरसाष्टांग नमस्कार.

समोर बसून आभार मानायला लागले की तुम्ही "पुरे गं, चहा घे" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र. आणि ते सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण औषधांच्या खर्चाबद्दल तुम्ही मला जे सांगितलंत ते इंग्लंडमध्ये नव्याने आलेल्या आपल्या प्रत्येक घराला ठाऊक असायला हवं.

डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीची आरती झाली आणि आपण प्रसादाच्या रांगेत उभ्या होतो. ह्यांना खोकल्याची उबळ आली, त्यांनी खिशातून पंप काढून ओढला. तुमची-माझी ओळख जेमतेम दहा मिनिटांची. तरी तुम्ही सरळ विचारलंत, "ह्यांना महिन्याला किती औषधं लागतात?" मी म्हटलं, चार. दोन पंप, बीपीची गोळी, कोलेस्टेरॉलची गोळी. "आणि चारही वेळा पैसे भरता?"

भरत होतो. एका औषधाला ९.९० पौंड, म्हणजे महिन्याला ३९.६०. व्हिसा काढताना आरोग्याचा अधिभार भरलेला (आता तो मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड आहे), त्यामुळे पहिल्यांदा औषधाच्या दुकानात पैसे मागितले तेव्हा आम्ही चकितच झालो होतो. डॉक्टर फुकट, दवाखाना फुकट, पण औषधाचे वेगळे. पुढे अंगवळणी पडलं. माझ्या नणंदेला कार्डिफमध्ये एक पेनी लागत नाही, वेल्समध्ये २००७पासून औषधं मोफत आहेत. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमध्येही तसंच. पैसे फक्त इंग्लंडमध्ये. त्या वर्षी धाकटीची नर्सरी सुरू झाली होती आणि पगाराच्या शेवटच्या आठवड्यात ह्यांनी एकदा कोलेस्टेरॉलची गोळी "पुढच्या महिन्यात घेऊ" म्हणून तशीच राहू दिली होती. हे मी तुम्हाला तेव्हा सांगितलं नव्हतं. आज सांगते.

दुसऱ्या दिवशी तुम्ही घरी बोलावलंत आणि फडताळातून श्रीखंडाचा रिकामा डबा काढलात. झाकणावरचा आंबा घासून पुसट झालेला. आत रबर लावून वेगवेगळे गठ्ठे: औषधांच्या चिठ्ठ्यांच्या उजव्या बाजूचे, पुन्हा औषध मागवताना लागणारे कागद, सुपरमार्केटची व्हाउचरं, पावत्या. तळाशी काकांचं जुनं प्रीपेमेंट सर्टिफिकेट, म्हणजे एकदाच पैसे भरून मुदतभर लागतील तितकी औषधं घ्यायचा पास, कडा पिवळ्या पडलेला. तुम्हाला साठीनंतर औषधं मोफतच आहेत, तरी तो कागद तुम्ही ठेवलाय. काकांच्या आजारपणातली ती वर्षं तुम्ही त्यावर काढलीत, हे तुम्ही एकाच वाक्यात सांगितलंत आणि लगेच कॅल्क्युलेटर पुढे ओढलात.

हिशेब तुम्ही माझ्याकडूनच करून घेतलात. चार औषधं, बारा महिने: ४७५.२० पौंड. वर्षाचं सर्टिफिकेट ११४.५०. एकरकमी जमत नसेल तर ११.४५चे दहा हप्ते, बँकेतून परस्पर जातात. वर्षाला बारा औषधं लागत असली तरी ते परवडतं. थोड्या दिवसांचं दुखणं असेल तर तीन महिन्यांचं ३२.०५ला मिळतं, तिथे चार औषधांतच पैसे वसूल. एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, संकेतस्थळावर अर्ज भरायला आपल्याला किती वेळ लागला आठवतंय? तुमच्या कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत झालं होतं. ३६० पौंड वाचले, काकू. आमच्यासाठी ती लहान रक्कम नाही.

मी उठायला लागले तेव्हा तुम्ही विचारलंत, "आणि तुझं काय? तू काही घेत नाहीस?" मी म्हटलं, थायरॉइडची गोळी, पण ती एकच. तुम्ही कपाळावर हात मारलात. थायरॉइड कमी असल्यामुळे रोज गोळी घ्यावी लागणाऱ्यांना इथे सूट आहे. सर्जरीत, म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, एफपी-९२ए नावाचा अर्ज मागायचा, डॉक्टरांची सही झाली की पाच वर्षांचं सर्टिफिकेट येतं, आणि मग फक्त ती गोळी नाही, सगळीच औषधं मोफत. मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनाही तसंच. नुसत्या पथ्यावर असणाऱ्यांना मात्र नाही. दोन वर्षं मी दर दोन महिन्यांनी ९.९० मोजत होते. दुकानात कुणी कधी चकार शब्द काढला नव्हता. मागचे गेले ते गेले, पण पुढचे थांबले ते तुमच्या त्या एका प्रश्नामुळे.

तुमची ताकीदही इथे लिहून ठेवते, कारण ती तितकीच मोलाची आहे. सर्टिफिकेट हातात येईपर्यंत चिठ्ठीमागच्या सवलतीच्या रकान्यात खूण करायची नाही, चुकीची खूण झाली तर १०० पौंडांपर्यंत दंड बसतो. तोवर पैसे भरायचे आणि भरतानाच एफपी-५७ पावती मागून घ्यायची. नंतर मागितली तर देत नाहीत, आणि ती नसेल तर परतावा नाही. शिवाय प्रत्येक औषध चिठ्ठीवर घ्यायचंच असं नाही. साधं पॅरासिटामॉल किंवा अ‍ॅलर्जीची सेटिरिझिन काउंटरवर एका चिठ्ठीच्या पैशांपेक्षा कितीतरी स्वस्त मिळते, फार्मासिस्टला विचारलं की तो सांगतो. विचारायला मला लाज वाटायची. चार पैशांसाठी काय तोंड वेंगाडायचं, असं वाटायचं. तुम्ही काउंटरवर ज्या मोकळेपणाने विचारता ते पाहून माझी भीड चेपली.

व्हाउचरांचंही तेच. टेस्को सुपरमार्केटचं, खरेदीवर पॉइंट देणारं क्लबकार्ड माझ्याकडे होतं, पण पॉइंट म्हणजे नेमकं काय, हे कधी पाहिलंच नव्हतं. पौंडाला एक पॉइंट, दीडशे झाले की दीड पौंडाचं व्हाउचर, दोन वर्षांत वापरलं नाही तर बाद. माझं एक तसंच बाद झालेलं निघालं. तेव्हापासून तुमच्यासारखीच मी मुदतीची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयात लिहिते, चतुर्थीच्या चौकोनात असली तरी. तीच व्हाउचरं त्यांच्या ठरलेल्या हॉटेलांत, सहलीच्या ठिकाणी दुप्पट किमतीची होतात. मुलांच्या सुटीतलं एक जेवण आमचं तसंच झालं. पण पॉइंटांसाठी जास्तीचं काही घ्यायचं नाही, हे तुम्ही मला फळीसमोर उभं करून शिकवलंत. लेबलवरच्या मोठ्या आकड्याखाली बारीक अक्षरात किलोचा भाव असतो, तो वाचायचा. तूरडाळ ईलिंग रोडवरूनच आणायची, कार्डावर कितीही सूट असली तरी.

ह्यांच्या गोळ्या आता एकदाही चुकत नाहीत. परवा बीपी मोजलं, डॉक्टर समाधानी आहेत. आमच्या इमारतीत नाशिकचं एक जोडपं आलंय, तिला दमा आहे. तिला मी कॅल्क्युलेटर घेऊन बसवलं, तिने कालच सर्टिफिकेट काढलं.

गुरुवारी तुमची डोळ्यांची तपासणी आहे ना? ह्यांना सुटी आहे, मुलांकडे ते बघतील. मी साडेनऊला येते, चालत जाऊ. चष्म्याची जुनी चिठ्ठी डब्यात वरच ठेवा.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची सून