बाबा, तिकीट थेट विमानाचंच काढते

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

काल फोनवर बाबा म्हणाले, "दुबईवरून तिकीट बरंच स्वस्त पडतंय, मग थेट कशाला?" तेव्हा मी ऑफिसला निघाले होते, नीट बोलता आलं नाही. म्हणून लिहितेय.

बाबा, तुम्ही जन्मभर एसटी चालवली, तेव्हा हिशेब तुमच्याच पद्धतीनं मांडते. मुंबई ते लंडनचं हीथ्रो विमानतळ हे हवाई अंतर साधारण ७,२०० किलोमीटर. मुंबई-दुबई १,९००च्या थोडं वर, दुबई-हीथ्रो ५,५००. बेरीज करून बघा, जेमतेम सव्वादोनशे किलोमीटर जास्त भरतात. साताऱ्याहून मुंबईला जायला याहून जास्त पडतं! म्हणजे वाट काही फार वाकडी नाही. पण थेट विमान साडेनऊ-दहा तासांत आणून सोडतं. दुबईवरून आधी तीन तास, मग थांबा, मग पुन्हा साडेसात तास. थांबा चारच तासांचा धरला तरी चौदा-पंधरा तास झाले. तुम्हीच म्हणायचात ना, गाडी रस्त्यावर वेळ खात नाही, स्टँडात खाते.

मागच्या दिवाळीला मी अशीच मध्ये विमान बदलून आले. पहाटे तीनला एक आजी-आजोबा दिसले, कराडकडचे. गेट बदललं होतं आणि ते जुन्याच गेटपाशी बसून होते. आजींनी पासपोर्टची पिशवी छातीशी धरली होती, तिला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली, चिठ्ठीवर मुलाचा नंबर. मी त्यांना नव्या गेटपर्यंत नेलं. पार गेट येईपर्यंत आजींनी माझा हात सोडला नाही. गार पडला होता तो हात. आई, तेव्हापासून त्या जागी मला तूच दिसतेस.

म्हणून पैशांचं मनात आणू नका. ते मी बघते.

दुपारचं विमान घेऊ. मुंबईहून दीडच्या सुमारास निघालात तर इथल्या सातपर्यंत पोचाल. उन्हाळ्यात इथलं घड्याळ साडेचार तास मागे असतं, त्यामुळे तुमच्या जिवाला मात्र रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतील. आल्या आल्या जेवून झोपायचं, गप्पा दुसऱ्या दिवशी. बाबा, गुडघ्यासाठी कडेची सीट घेते. तास-दीड तासानं उठून चार पावलं चालायचं, बसल्या जागी पोटऱ्या हलवायच्या. विमानात हवा फार कोरडी असते, पाणी पीत राहा. व्हीलचेअर आधीच सांगून ठेवते. नाही म्हणू नका, पासपोर्ट तपासणीच्या रांगेत तासभर उभं राहणं तुम्हाला झेपणार नाही.

शुगरच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या बॅगेतच ठेवायची, मोठ्या बॅगेत नाही. आई, कंदी पेढे आणू नकोस, दुधाचे पदार्थ इथे आणू देत नाहीत. मेतकूट आण, गोडा मसाला आण.

परतीचा प्रवास तासभर तरी कमी आहे. त्या उंचीवर वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरात वाहतात, तेच विमानाला ढकलतात. पण परतीची तारीख आत्ता विचारू नका.

उद्या तिकीट काढते. दोघांच्या पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो आज रात्रीच पाठवा. आईचं नाव त्यावर आहे तसंच्या तसं टाकायचंय.

तुमची,
मनू