भिंग मुलाच्या हातात दिलंत, त्याबद्दल

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेले तर तुम्ही “अगं, त्यात काय एवढं” म्हणून विषयच बदललात. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. इथे न्यू जर्सीत आपल्या मराठी घरांतली कितीतरी मुलं आता जुन्या बेसबॉल कार्डांच्या, म्हणजे खेळाडूंचे फोटो छापलेल्या कार्डांच्या, मागे आहेत. आम्ही आईबाप क्रिकेटवर वाढलेलो, त्यातलं खरं कुठलं, नकली कुठलं, आम्हाला काही सांगता येत नाही.

हिवाळाभर शेजाऱ्यांच्या दारातला बर्फ उपसून मुलाने चारशे डॉलर जमवले होते. त्या पैशांतून त्याने एका ऑनलाइन विक्रेत्याकडून टॉप्स या कार्ड छापणाऱ्या कंपनीचं १९६८ सालचं १७७ नंबरचं कार्ड घेतलं. त्यावर न्यूयॉर्कच्या मेट्स संघाचे दोन नवे खेळाडू, जेरी कूझमन आणि नोलन रायन. पुढे ५,७१४ स्ट्राइकआउट घेणाऱ्या, म्हणजे तितक्यांदा फलंदाजाला तीन स्ट्राइकवर बाद करणाऱ्या, आणि सात सामने एकही हिट न देता संपवणाऱ्या रायनचं ते पहिलं कार्ड. तुम्ही मेट्सचे जुने चाहते, १९७१ च्या डिसेंबरमध्ये रायनला कॅलिफोर्निया एंजल्स संघाला दिलं ते अजून तुमच्या मनातून गेलेलं नाही, म्हणून तो ते आधी तुम्हालाच दाखवायला धावला.

तुम्ही कार्ड मिनिटभर हातात धरलंत. तुमचा चेहरा मी पाहत होते, मला तिथेच समजलं. पण तुम्ही “खोटं आहे” म्हणाला नाहीत. उठून कपाटातला बुटांचा खोका काढलात, त्यातून १९६८ चंच दुसरं कार्ड शोधलंत. कुणा साध्या खेळाडूचं, कोपरे झिजलेलं, डॉलर-दोन डॉलरचं. ते रायनच्या शेजारी ठेवलंत आणि सराफाचं भिंग मुलाच्या हातात दिलंत. “सराफ कसोटीवर नुसतं तुझं सोनं घासत नाही,” तुम्ही म्हणालात, “शेजारी खऱ्या सोन्याची रेघ ओढतो. मग दोन्हीकडे बघतो. बघ तू.”

आधी मागची बारीक अक्षरं. साध्या कार्डावर ती भरीव शाईची, कडा स्वच्छ. रायनवर प्रत्येक अक्षर बारीक ठिपक्यांचं बनलेलं. त्याचं कारण तुम्ही सांगितलंत ते मी अजून कुणालाही सांगू शकते: कारखान्यात फोटो ठिपक्यांनी छापतात, पण अक्षरं भरीव शाईने. नक्कल करणारा मात्र आख्खं कार्ड स्कॅन करतो, त्यामुळे त्याच्या छपाईत अक्षरांचेही ठिपके होतात.

मग ती घडी. कार्डाच्या एका कोपऱ्यात दुमडल्याची रेघ होती आणि विक्रेत्याने “जुनं आहे म्हणून” असं लिहिलं होतं. तुम्ही मुलाला नख फिरवायला सांगितलंत. नख सरळ पुढे गेलं, कुठे अडखळलंच नाही. घडी कागदात नव्हती, छापलेली होती! कुणातरी दुसऱ्याच्या कार्डावरची घडी स्कॅन होऊन याच्यावर आली होती. त्या क्षणी मुलाचं बोट थांबलं ते मला विसरता येणार नाही. तो रडला नाही. त्याने मोबाइलचा दिवा लावला आणि न विचारता दोन्ही कार्डं उजेडासमोर धरली. साध्या कार्डातून प्रकाश जवळजवळ आलाच नाही, रायनचं सगळीकडे सारखं उजळलं.

“काका, हे खोटं आहे,” हे तो म्हणाला. तुम्ही नाही. याच गोष्टीसाठी मी तुमची ऋणी आहे. तुम्ही निकाल दिला असता तर तो पुढच्या प्रत्येक कार्डाला दुसऱ्याचं तोंड बघत राहिला असता.

त्या दुपारी तुम्ही आणखीही बरंच सांगितलंत. टॉप्सची १९५२ ते १९५६ ची कार्डं मोठी, २ ५/८ बाय ३ ३/४ इंच, आणि १९५७ पासून अडीच बाय साडेतीन. त्यामुळे मिकी मॅन्टल या गाजलेल्या खेळाडूचं १९५२ चं ३११ नंबरचं कार्ड कुणी दाखवलं तर आधी पट्टी काढायची. ब्लॅकलाइटबद्दल, म्हणजे अतिनील दिव्याबद्दल, मात्र तुम्ही सावध केलंत. कागद चमकवणारी रसायनं दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात सर्रास वापरात आली, म्हणून १९०९ चं म्हणवणारं कार्ड निळसर चमकलं तर ते नको. पण नाही चमकलं म्हणजे खरंच, असं नाही. कार्ड स्लॅबमध्ये, म्हणजे ग्रेडिंग कंपनी कार्ड तपासून, दर्जा ठरवून ज्यात सीलबंद करते त्या प्लास्टिकच्या डबीत, असलं तरी स्लॅबही नकली असू शकतो, वरचा नंबर त्या कंपनीकडे तपासायचा आणि तिथे फोटो असेल तर ताडून बघायचा.

होनस वॅग्नर या जुन्या खेळाडूच्या त्या सगळ्यात गाजलेल्या कार्डाची गोष्ट मुलाने घरी आल्यावर बाबांना दोनदा सांगितली. कार्ड अस्सल, पण कडा कातरून नीटस केलेल्या, आणि ते ज्याने केलं त्याने २०१३ मध्ये कबूल केलं. “कार्ड खरं असून फसवणूक कशी?” यावर आमच्याकडे जेवणं थंड होईपर्यंत बोलणं चाललं.

विक्रेत्याने आधी पैसे परत द्यायला नकार दिला. मुलाने भिंगातून मोबाइलने फोटो काढले, दोन्ही कार्डांची अक्षरं शेजारी लावली, खाली चार ओळी लिहिल्या आणि पाठवल्या. तीन आठवड्यांनी चारशे डॉलर परत आले. मी त्यात एक शब्दही लिहिलेला नाही.

काका, तुमचं ते साधं कार्ड त्याच्या टेबलावर आहे. तुम्ही “ठेव तुझ्याकडे” म्हणालात तरी तो अजून ते उसनं आणलंय असंच मानतो. भिंग त्याने परत आलेल्या पैशांतून स्वतःचं घेतलंय. येत्या रविवारी त्याला घेऊन येते. त्याच्याकडे १९६४ ची दोन कार्डं आली आहेत. त्याने ती तपासली आहेत, पण काय ठरवलंय ते आम्हाला सांगत नाही, आधी काकांनी बघू दे म्हणतो. काकूंना सांगा, येताना पुरणपोळ्या मी आणतेय, त्यांनी काही करू नये.

तुमची,
एक आई