अकरा संकल्पांच्या यादीला उत्तर

पुणे,
४ जानेवारी

प्रिय संज्या,

तुझी यादी मिळाली. अकरा संकल्प! हिला वाचून दाखवली, तर म्हणाली, "अवतार दहाच, अकरावा भावोजीच घेणार वाटतं."

रागावू नकोस. माझ्या कपाटात अशा सहा-सात डायऱ्या पडल्यात. सगळ्यांची गत एकच. १ जानेवारीचं पान मोत्यासारख्या अक्षरात, दहा-बारा तारखेला अक्षर किरटं, आणि संक्रांतीनंतर थेट दुधाचा हिशोब. गेल्या वर्षी मात्र एक गोष्ट टिकली, म्हणून हे पत्र. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं तर तू अंगठा दाखवून मोकळा झाला असतास.

तुला माहितीये, वर्षापूर्वीच्या डिसेंबरात माझी तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ६.१ टक्के आली होती. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. डॉक्टर म्हणाले, चालायला लागा. मी लगेच पावलं मोजणारं घड्याळ घेतलं आणि रोज दहा हजार पावलांचा पण केला. नऊ दिवस पाळला. दहाव्या दिवशी बँकेत ऑडिट लागलं, पावलं भरली २,१००, आणि मनानं घेतलं की आता काय, बोंबललंच सगळं. घड्याळ ड्रॉवरमध्ये.

नंतर कळलं की हा दहा हजारांचा आकडा कुठल्या डॉक्टरनं काढलेलाच नाही. टोकियो ऑलिंपिकच्या पुढच्या वर्षी, १९६५ मध्ये, जपानात एक पावलं मोजायचं यंत्र बाजारात आलं. त्याचं नाव 'मानपो-केई', म्हणजेच दहा हजार पावलांचं मीटर. आकडा आला यंत्राच्या नावातून, आणि मी त्याच्यापुढे अपराध्यासारखा मान खाली घालून बसलेलो! जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं जरा भरभर चाला म्हणते. पाच दिवस, अर्धा-अर्धा तास. हे ऐकून मला हायसं वाटलं.

मग पर्वतीची टेकडी धरली. पायऱ्या १०३, घरापासून चालत जाण्याजोगी. पण संकल्प 'पर्वती चढायची' असा केलाच नाही. संकल्प एवढाच, की बूट घालून पायथ्यापर्यंत जायचं. वर जावंसं वाटलं तर जायचं, नाहीतर घर गाठायचं. खरं सांगू? पायथ्यावरून परत फिरलो असा वर्षात सात-आठदाच.

आपलं चुकतं कुठे, ते मला तिथे चढताना सुचलं. संकल्प करतो तो ३१ डिसेंबरच्या रात्रीचा, पोटभर जेवलेला, सुट्टीवरचा मी. तो पाळायचा असतो मार्च एंडला रात्री साडेआठला घरी पोचणाऱ्या माणसाला. त्या बिचाऱ्याला कोणी विचारलेलंच नसतं. म्हणून मी आता त्याला झेपेल तेवढंच ठरवतो.

खाडे झालेच. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या, गणपतीत तर दहा दिवस सपशेल बुट्टी. पण फिलिपा लॅली या संशोधिकेनं लंडनमध्ये ९६ जणांवर केलेला अभ्यास वाचला होता. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, तर कुणाला अंदाजे २५४. एखादा दिवस चुकल्यानं फारसं काही बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. '२१ दिवसांत सवय लागते' म्हणणारे आपले महाराज ऐकतायत का? १ जानेवारीपासून मोजलं तर ६६वा दिवस मार्चच्या पहिल्या आठवड्यात येतो. आपण संक्रांतीलाच तिळगूळ वाटून मोकळे.

आता साखर ५.८ आहे. वजन म्हणशील तर जेमतेम दोन किलो उतरलं. पेढे वाटण्यासारखं काही नाही.

आता तुझी यादी. पहाटे पाचला उठणं खोडून टाक. कॉलेजात साडेसातचं लेक्चर तुला कधी मिळालं नाही. कोल्हापुरात राहून मिसळ बंद? असं लिहवलं तरी कसं तुला? महिना वीस हजारांऐवजी दोन हजारांची आरडी काढ. पोस्टात शंभर रुपयांपासून सुरू होते, पाच वर्षांची असते. पैसे पगाराच्या दिवशीच परस्पर वळते झाले पाहिजेत, हातात आले की संपले.

पण नववा संकल्प, पेटी शिकायचा, तो मात्र ठेव. यादीत तेवढा एकच मला तुझा वाटला, बाकीचे दहा कुणाचेही असतील. 'रोज एक तास रियाज' खोड. काकांची पेटी माळ्यावरून खाली काढ, बैठकीत उघडी ठेव, येता-जाता हात लागेल अशी. जेवण झालं की सा धरायचा, बस. पुढे बोटं चालली तर चालू देत. मी पाडव्याला कोल्हापुरात येतोय, तेव्हा ऐकेन. बेसूर असलं तरी तोंड वाकडं करणार नाही, मिसळ मात्र तुझ्याकडून.

आणि पेटीचा भाता फाटलाय असं म्हणाला होतास ना? तो दुरुस्त करायला टाकलास का, ते आधी कळव. काकूंना नमस्कार.

तुझा,
बाळ्या