सूत्र मागाहून द्या, चौकटी आधी मोजू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी शाळेत गणित शिकवते. परिमिती आणि क्षेत्रफळाचा धडा आला की पहिल्याच तासाला दोन सूत्रे फळ्यावर शेजारी शेजारी लिहायची, अशी रीत पडून गेली आहे. २ × (लांबी + रुंदी) आणि लांबी × रुंदी. लगेच उदाहरणे, मग गृहपाठ. मुले ती बिनचूक सोडवतातही. त्याच मुलांना विचारून पाहा, आयताचा एक कोपरा चौकोनी कापून काढला तर परिमितीचे काय होईल? जवळजवळ सगळा वर्ग म्हणतो, कमी होईल. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की सूत्रे काही तास मागे ठेवावीत आणि दोन्ही मापे आधी मुलांच्या हाताखालून जाऊ द्यावीत.

त्यासाठी चौकटीची वही पुरते. ८ सेमी लांब, ६ सेमी रुंद आयत काढायचा. परिमिती कडेकडेने बोट फिरवत मोजायची, क्षेत्रफळ आतल्या चौकटी मोजून. २८ सेमी आणि ४८ चौसेमी. आता कोपऱ्यातून ३ बाय २ चा तुकडा कापायचा. चौकटी उरतात ४२. कड पुन्हा मोजली तर २८च! मुले दोनदा-तीनदा मोजतात, शेजाऱ्याच्या वहीत डोकावतात. मग कुणीतरी सांगते की कापलेल्या दोन बाजू आत सरकल्या, गेल्या कुठेच नाहीत. त्यानंतर मी कोपऱ्याऐवजी लांब बाजूच्या मधोमध २ सेमी रुंद, १ सेमी खोल खाच कापायला सांगते. क्षेत्रफळ ४८ वरून ४६ झाले, परिमिती मात्र २८ वरून ३०! जागा घटली आणि कड वाढली. एवढे डोळ्यांनी पाहिलेला विद्यार्थी ही दोन मापे सहसा एकमेकांत मिसळत नाही.

दुसरी अडचण समांतरभुज चौकोनाची. पाया १०, तिरपी बाजू ६, उंची ३ असे तिन्ही आकडे आकृतीत असले की बरीच मुले १० आणि ६ चा गुणाकार करून मोकळी होतात. अशा वेळी पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या टोकांना टाचण्यांनी सैल जोडून आयत करावा आणि तो हळूहळू एका बाजूला कलवावा. पट्ट्यांची लांबी तीच, म्हणून परिमिती ३२ कायम. आतली जागा मात्र ६० वरून उतरत उतरत ३० वर येते, आणि पट्ट्या पूर्ण आडव्या झाल्या की काहीच उरत नाही. उंची का लागते, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या 'लीलावती'त नेमका हाच मुद्दा आहे. नुसत्या चार बाजूंनी चौकोन पक्का ठरत नाही. लंब किंवा कर्ण न सांगता त्याचे क्षेत्रफळ विचारणाऱ्याला त्यांनी पिशाच म्हटले आहे आणि उत्तर देणाऱ्याला त्याहून वरचढ! मुलांना हा किस्सा फार आवडतो.

एककांचेही तसेच. एक चौरस मीटर म्हणजे १०० चौरस सेंटिमीटर, हे उत्तर दरवर्षी येतेच. जमिनीवर खडूने एक मीटरचा चौरस आखला आणि कडेला १०० खुणा केल्या की अशा १०० ओळी होतील हे मुलांचे तीच सांगतात, म्हणजे १०,०००.

वेळ कुठून आणायचा, असे सहकारी विचारतात. प्रश्न रास्त आहे. अभ्यासक्रम संपवण्याचा धाक मलाही आहे. पण याच सूत्रांची उजळणी पुढच्या प्रत्येक इयत्तेत नव्याने करावी लागते, तो वेळ कोणी मोजत नाही.

म्हणून प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना माझी विनंती आहे. 'लांबी १२, रुंदी ७, क्षेत्रफळ काढा' याच्या जोडीला एक तरी असा प्रश्न द्या: परिमिती २४ सेमी असलेले, बाजू पूर्ण संख्येत असणारे सगळे आयत काढा आणि सर्वांत जास्त क्षेत्रफळ कोणाचे ते सांगा. ११ बाय १ पासून ६ बाय ६ पर्यंत जाताना क्षेत्रफळ ११ वरून ३६ वर गेलेले मुलाला स्वतःच्या हाताने दिसेल. गुण दोनच ठेवले तरी चालतील. असा प्रश्न परीक्षेत येतो म्हटल्यावर वर्गातही त्याला वेळ मिळेल.

आपली,
एक गणित शिक्षिका