लाठीमार ‘सौम्य’ असतो म्हणजे नेमका किती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवाच्या अंकात मोर्चाची बातमी वाचली. ‘जमाव पांगवण्यासाठी पोलिसांना सौम्य लाठीमार करावा लागला. परिस्थिती नियंत्रणात आहे.’ ही दोन वाक्ये मी गेली तीसेक वर्षे वाचतो आहे. ठिकाण बदलते, मागण्या बदलतात, सरकारे बदलतात; लाठीमार मात्र सौम्यचा सौम्यच. मी निवृत्त क्ष-किरण तंत्रज्ञ. नोकरीची बहुतेक वर्षे अपघात विभागाला लागून असलेल्या अंधाऱ्या खोलीत गेली. त्यामुळे हा शब्द वाचला की माझ्या डोळ्यांसमोर एक फिल्म येते.

कोणती ते सांगतो. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडे असतात. फिल्मवर अंगठ्याच्या बाजूचे हाड धडधाकट आणि करंगळीच्या बाजूचे तेवढे मधोमध आडवे मोडलेले. पडताना माणूस तळहात टेकतो, तेव्हा मोडते ते बहुधा मनगटाजवळ. मधोमध हे एकच हाड मोडायला तिथे थेट घाव बसावा लागतो. आरशासमोर उभे राहून डोके वाचवायला हात वर करून पाहा, बाहेरच्या अंगाला तेच हाड येते. डॉक्टरांच्या पुस्तकात याला ‘नाइटस्टिक फ्रॅक्चर’ म्हणतात. नाइटस्टिक म्हणजे पोलिसांचे दांडके. फटका हातावर बसला खरा, पण निघाला होता डोक्याकडे, एवढे ती फिल्म न बोलता सांगते. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने २०२० साली कमी घातक साधनांविषयी मार्गदर्शिका काढली. डोके, मान, गळा, कणा, मूत्रपिंडे आणि पोट या जागी दांडक्याचा फटका टाळावा, असे तीत स्पष्ट म्हटले आहे. राहतात ते हातपाय. त्यामुळे लाठीमार सौम्य होता का, हे किती जणांना लागले यावरून नव्हे, कुठे लागले यावरून ठरायला हवे.

पोलिसांबद्दल आकस म्हणून हे लिहीत नाही. एकदा एक्स-रेच्या बाकावर हात मोडलेला विशीतला मुलगा आणि गालाचे हाड फुटलेला हवालदार शेजारी शेजारी बसले होते. दोघांचाही नंबर यायचा होता. हवालदार पहाटे चारपासून बंदोबस्तावर उभा, पोटात चहाशिवाय काही नाही, आणि दगड कुठून आला हे त्याने पाहिलेच नव्हते. मुलाने त्याला पाण्याची बाटली दिली. दोघेही काही बोलले नाहीत. दगड मारणारा बहुधा मागच्या रांगेत असतो आणि लाठी बसते पुढच्या रांगेला, हे मोर्चे काढणाऱ्यांनीही कधीतरी मनावर घ्यावे. पुढारी गाडीवरून भाषण ठोकून निघून जातात आणि मागे शेवटच्या माणसापर्यंत लक्ष ठेवणारा एकही स्वयंसेवक नसतो. अशा मोर्चात कोणाला लागले, तर तो दोष फक्त समोरच्या खाकी वर्दीचा नाही.

दुसरा फसवा शब्द ‘रबरी गोळी’. ऐकून वाटते, लहान मुलाचा चेंडू. १९७० मध्ये ब्रिटिश सैन्याने उत्तर आयर्लंडमध्ये ती वापरायला सुरुवात केली, तेव्हा ती जमिनीवर आपटून पायांवर जावी अशी कल्पना होती. प्रत्यक्षात रबरी आणि पुढे आलेल्या प्लॅस्टिकच्या गोळ्यांनी तिथे १७ जीव घेतले, त्यांत ८ मुले होती. चिलीत २०१९ च्या आंदोलनात तिथल्या मानवी हक्क संस्थेने डोळ्यांच्या ४०० हून अधिक दुखापती नोंदवल्या. तेव्हा चिली विद्यापीठाने पोलिसांनी झाडलेले ‘रबरी’ छर्रे तपासले, तर त्यांत रबर निघाले फक्त २० टक्के. बाकी सिलिका, बेरियम सल्फेट, शिसे असला ऐवज. २०१७ मध्ये ‘बीएमजे ओपन’ या वैद्यकीय नियतकालिकात अशा गोळ्यांनी जखमी झालेल्या १,९८४ जणांचा आढावा आला. ५३ दगावले, ३०० कायमचे अपंग झाले. मृत्यूंपैकी जवळजवळ निम्मे आणि अपंगत्वापैकी ८० टक्क्यांहून जास्त डोक्याला वा मानेला लागून. पुन्हा डोकेच! ‘रबरी’ हा शब्द बातमीत टाकण्याआधी निदान एकदा विचारावे, की त्यात रबर किती होते.

अश्रुधुरावर मात्र थोडे सविस्तर लिहितो, कारण तिथे खरा धोका वेगळ्याच जागी दडलेला आहे. मुळात तो ना धूर आहे, ना वायू. नेहमीच्या वापरातला ‘सीएस’ हा साध्या तापमानाला घन पदार्थ. १९२८ मध्ये कॉर्सन आणि स्टॉटन या दोन रसायनतज्ज्ञांनी तो बनवला, त्यांच्याच आद्याक्षरांवरून हे नाव पडले. नळकांडे फुटले की त्याचे बारीक कण हवेत तरंगतात आणि हळूहळू खाली बसतात. म्हणजे त्रास सर्वांत जास्त कोणाला, तर जो पडला आहे, जो बसला आहे, जो बुटका आहे त्याला. १९९३ च्या रासायनिक अस्त्रांविषयीच्या करारानुसार हे रसायन युद्धात शत्रूवर वापरायला बंदी आहे. स्वतःच्या नागरिकांवर मात्र कायदा-सुव्यवस्थेसाठी चालते. ही अट पहिल्यांदा वाचली तेव्हा मी चष्मा पुसून पुन्हा वाचली होती.

उघड्या मैदानात वारा असेल तर डोळे चोळत माणसे अर्ध्या तासात सावरतात. पण पळायला वाट नसेल तर? पेरूची राजधानी लिमा इथे २४ मे १९६४ रोजी फुटबॉलच्या सामन्यात पोलिसांनी प्रेक्षकांवर अश्रुधूर सोडला. लोक जिन्यांवरून खाली धावले, तर खालचे पोलादी दरवाजे बंद. तीनशेहून अधिक माणसे मेली, बहुतेक गुदमरून. इंडोनेशियात मलांग शहरातल्या कांजुरुहान मैदानावर १ ऑक्टोबर २०२२ रोजी हेच पुन्हा घडले. मृतांचा आकडा १३५. मैदानात अश्रुधूर वापरू नये, हा फिफाचा नियम तेव्हाही कागदावर होताच. हे सामने होते, मोर्चे नव्हेत, असे कोणी म्हणेल. पण चेंगराचेंगरी गर्दी कशासाठी जमली हे विचारून होत नाही. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहाच्या वर माणसे झाली की कोणी आपल्या पायांवर चालत नाही. सगळे मिळून पाण्यासारखे हेलकावतात. छातीला फुगायला जागा उरत नाही आणि माणूस उभ्या उभ्या मरतो. नागपुरात २३ नोव्हेंबर १९९४ च्या मोर्चात ११४ गोवारी गेले, त्यांत बायका-मुलेच जास्त, तेही असेच चेंगरून. त्यांच्यावर कोणी बंदूक रोखली नव्हती.

म्हणून मला विचाराल तर बंदोबस्तातला सर्वांत महत्त्वाचा माणूस दांडकेवाला नाही. कोणता रस्ता मोकळा ठेवायचा हे जो ठरवतो, तो. पुढे कठडे, मागून रेटा, दोन्ही बाजूंना भिंती आणि त्यात ‘पांगा’ म्हणून हुकूम. पांगायचे कुठे? शिवाय तो हुकूम पहिल्या चार रांगांपलीकडे ऐकूच जात नाही. मागच्यांना कळते ते पुढचे पळत अंगावर आले की.

पोलिसांनी वाट पाहत बसावे का, असा प्रश्न येईलच. हवाना इथे १९९० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेने बळाच्या वापराची मूलतत्त्वे मान्य केली. जमाव बेकायदा असला पण हिंसक नसला, तर बळ टाळा आणि ते शक्यच नसेल तर कमीत कमी वापरा, असे त्यांत आहे. बेकायदा आणि हिंसक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या बातम्यांतून जवळजवळ नाहीसे झाले आहे. स्वीडनमध्ये गोथेनबर्गला २००१ मध्ये युरोपीय संघाच्या परिषदेवेळी पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि तीन निदर्शक जखमी झाले. त्यानंतर त्यांनी ‘संवाद पोलीस’ उभे केले. मोर्चाच्या आधी, चालू असताना आणि नंतर दोन्हीकडे ये-जा करायची, एवढेच त्यांचे काम. त्यामागचे गणित साधे आहे. पाच हजारांत पन्नास दगडवाले असले आणि लाठी सगळ्यांवर चालली, तर उरलेल्या चार हजार नऊशे पन्नासांना आपण कोणाच्या बाजूचे, हे लाठीच सांगते.

तुमच्याकडून मागणे मोठे नाही. बातमीत ‘सौम्य’, ‘किरकोळ’, ‘बळाचा वापर करावा लागला’ असे लिहिण्याऐवजी चार गोष्टी विचारा. इशारा दिला का आणि तो मागच्यांना ऐकू गेला का? बाहेर पडायला किती वाटा होत्या? जखमा शरीराच्या कोणत्या भागावर आहेत? किती पोलिसांना लागले, आणि कशाने?

फक्त यासाठी रुग्णालयाच्या नोंदवहीवर विसंबू नका. जखम मारहाणीची आहे असे सांगितले की पोलीस केस होते आणि आपलेच नाव आरोपींत जाईल या भीतीने लोक खरे बोलत नाहीत. एका मोर्चाच्या दिवशी संध्याकाळी माझ्याकडे हाताच्या सात फिल्म आल्या. सातही जणांच्या कागदावर एकच कारण लिहिलेले होते, जिन्यावरून पडल्याने. सातही फिल्मवर करंगळीच्या बाजूचे हाड, मधोमध. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात छापून आले होते, ‘कोणीही गंभीर जखमी नाही.’ तो पेपर तुमचा नव्हता, हेही सांगून ठेवतो.

कळावे,
आपला एक जुना वाचक
(निवृत्त क्ष-किरण तंत्रज्ञ)