सुन त्झू आणि क्लाउझेवित्स यांची सोपी विभागणी

संपादक महोदय,

चीनच्या लष्करी हालचालींवर भाष्य करताना ‘पाश्चात्त्य युद्धशास्त्र थेट भिडणारे, चिनी युद्धशास्त्र न लढता जिंकणारे’ अशी विभागणी आपल्याकडे वारंवार केली जाते. ‘युद्धकला’ लिहिणारा प्राचीन चिनी युद्धचिंतक सुन त्झू आणि ‘युद्धाविषयी’ लिहिणारा प्रशियाचा सेनाधिकारी क्लाउझेवित्स यांच्या मूळ ग्रंथांशी ताडून पाहिल्यास ती टिकत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

सुन त्झूच्या १३ प्रकरणांपैकी तिसऱ्यात शत्रूचे बेत उधळणे सर्वश्रेष्ठ, मग त्याचे मित्र फोडणे, त्यानंतर त्याच्या सैन्याशी लढणे आणि अगदी नाइलाज झाला तरच तटबंदीच्या नगराला वेढा घालणे, असा क्रम आहे, हे खरे. पण त्यामागे अहिंसा नाही, हिशेब आहे. युद्ध लांबले की राज्याची तिजोरी रिकामी होते, हे तो दुसऱ्याच प्रकरणात बजावतो. प्राचीन चीनमधील युद्धेही सौम्य नव्हती. इ.स.पू. २६० मध्ये छांगपिंग येथे शरण आलेल्या झाओ राज्याच्या सैनिकांची छिन राज्याच्या सेनेने कत्तल केली आणि इतिहासकार सिमा छिएन मृतांचा आकडा ४ लाखांच्या घरात देतो.

सुन त्झू आणि क्लाउझेवित्स यांच्यामधला खरा फरक मला दिसतो तो युद्धाविषयी आधी किती कळू शकते, या प्रश्नाच्या उत्तरात. युद्धापूर्वीची मोजदाद आणि पाच प्रकारचे हेर यांच्या बळावर निकालाचा अंदाज बांधता येतो, असा सुन त्झूचा विश्वास आहे. नेपोलियनने १८०६ मध्ये केलेल्या प्रशियाच्या पराभवानंतर फ्रेंचांच्या कैदेत राहिलेल्या आणि १८१२ मध्ये रशियाच्या बाजूने बोरोदिनोची लढाई पाहिलेल्या क्लाउझेवित्सला मात्र युद्धात हाती येणाऱ्या बहुतेक बातम्या बेभरवशाच्या वाटतात; त्याच्या विवेचनात योगायोगाला आणि साध्या गोष्टीही अवघड करून टाकणाऱ्या घर्षणाला मोठे स्थान आहे. बचाव हा युद्धाचा अधिक बलवान प्रकार आहे, असे त्यानेच ठामपणे लिहिले, याचा उल्लेख तर आपल्याकडे क्वचितच होतो.

जपानशी युद्ध चालू असताना १९३८ मध्ये माओने दीर्घकालीन युद्धावर दिलेल्या व्याख्यानांत ‘युद्ध म्हणजे राजकारणाचाच पुढचा भाग’ हे क्लाउझेवित्सचे सूत्रही येते आणि शत्रूला व स्वतःला ओळखण्याचे सुन त्झूचे वचनही. त्याच माओच्या चीनने १९५० मध्ये कोरियात आणि १९६२ मध्ये आपल्या सीमेवर सैन्य घातले; त्याच्या मृत्यूनंतर, १९७९ मध्ये, व्हिएतनामवरही स्वारी केली. सीमेपलीकडच्या हालचालींचा अर्थ एकट्या सुन त्झूच्या वचनांवरून लावणाऱ्या विश्लेषकांनी या तीन निर्णयांचा उलगडा आधी करावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, पुणे