आजोबांच्या ट्रामच्या रिळाबद्दल

शिवाजी पेठ, कोल्हापूर

प्रिय भावा,

तू एसटीनं पाठवलेला डबा मिळाला. आजोबांनी झाकणावर 'मुंबई ट्राम १९०५' लिहिलंय, पण ते साल बरोबर नाही. तू काकांना काही सांगायच्या आधीच कळावं म्हणून लगेच लिहितोय.

फिल्मची पट्टी खिडकीच्या उजेडात धरून भिंगातून एकेक चौकट बघितली. पहिल्या काही फुटांत बोरीबंदर आहे आणि ट्रामला घोडे नाहीत, वर तारेला टेकलेला दांडा आहे. मुंबईत घोड्यांची ट्राम १८७४ ला सुरू झाली आणि विजेची ७ मे १९०७ ला, म्हणजे १९०५ तिथंच गेलं बघ. पुढं तर डबल डेकर ट्राम येते आणि मागच्या जिन्यावर एकजण एका हातानं दांडा धरून उभाय, टोपी पडू नये म्हणून दुसरा हात डोक्यावर. त्या एका चौकटीवर मी अर्धा तास अडकलो होतो! डबल डेकर ट्राम १९२० साली आली, म्हणजे आपल्या बाबूराव पेंटरांचा सैरंध्री सिनेमा आला त्याच साली, त्यामुळं शूटिंग त्याच्या आधीचं नाहीच. मुंबईत बस १९२६ ला सुरू झाली. ती रिळात कुठं दिसत नाही, पण त्यावरून १९२६ च्या आधीचं आहे असं मी म्हणणार नाही, दोन मिनिटांत बस आलीच नसेल.

मग काठ बघितला. कोडॅक कंपनी अमेरिकेत बनवलेल्या फिल्मच्या काठावर १९१६ पासून गोल, चौकोन, त्रिकोण अशा खुणा छापायची, आणि त्याच खुणा दर वीस वर्षांनी परत यायच्या. आपल्या रिळावर गोल आणि चौकोन आहे, म्हणजे १९२२, १९४२ नाहीतर १९६२. शेजारी 'नायट्रेट' छापलंय, म्हणजे चटकन पेट घेणारी जुन्या काळची फिल्म, ती बनवणं कोडॅकनं १९५१ च्या सुमाराला बंद केलं, म्हणून १९६२ गेलं. आणि चित्र काठापासून काठापर्यंत भरलंय, आवाजाच्या पट्टीला जागाच सोडलेली नाही, म्हणजे मूकपटांच्या काळासारखं, म्हणून माझा कल १९२२ कडं आहे.

पण एक लक्षात ठेव, ती खूण काळी आहे, म्हणजे प्रिंटच्या, निगेटिव्हवरून काढलेल्या कॉपीच्या, फिल्मची. निगेटिव्हची खूण प्रिंटमध्ये काळ्या काठावर पांढरी उमटते, ती मला सापडली नाही. त्यामुळं ही कॉपी कधीची हे कळलं, शूटिंगचं साल नव्हे. शिवाय कोरी फिल्म बनल्यावर वर्ष-दोन वर्षं कपाटात पडून राहायची. म्हणून मी कागदावर 'शूटिंग १९२० किंवा त्यानंतर, कॉपी बहुतेक १९२२ किंवा त्यानंतर लगेच' एवढंच लिहिलंय. झाकणावरचं आजोबांचं अक्षर मात्र पुसू नकोस. त्यांनी ते आठवणीतनं लिहिलं असणार, तेही जपायला पाहिजे.

आणि कळकळीनं सांगतो, हे प्रोजेक्टरवर लावू नकोस लेका. नायट्रेट पेटलं की पाण्यानंही विझत नाही. मी डबा गच्चीवरच्या खोलीतनं काढून खालच्या गार खोलीत ठेवलाय, गॅसपासून लांब. तू पुण्यातच आहेस, लॉ कॉलेज रोडच्या फिल्म संग्रहालयात जाऊन डबा कसा आणायचा ते आधी विचार. एसटीनं परत पाठवणार नाही, ते काय म्हणतात ते कळव, मग मीच घेऊन येतो.

तुझा,
पेठेतला दोस्त